रॉ फाइलमधे फ्लेमिंगो, व्हॉट्सॅपवर आई

मंडळी, तुमच्याकडे डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा असेल (आयटीत असाल तर असण्याची शक्यता बरीच आहे, कपाटात का होईना), तर एक छोटं काम करा. लाइटरूम उघडा. गेल्या दोन वर्षांत काढलेले फोटो मोजा. त्यातले पक्षी किती, धबधबे किती, अनोळखी म्हाताऱ्यांचे ब्लॅक अँड व्हाइट चेहरे किती, ते बघा. मग तुमच्या आईचे किती ते बघा. वाढदिवसाचा केक आणि भावाच्या लग्नातला स्टेज सोडून.

आकडा माझ्याकडे पाठवायची गरज नाही. आमच्या ग्रूपमधल्या सात-आठ जणांना मी हे करायला लावलं. दोघांनी चहा प्यायला म्हणून काढता पाय घेतला, ते परत आलेच नाहीत.

हौशी डिजिटल फोटोग्राफी हा आपल्या पिढीचा फार मोठा छंद आहे, आणि त्यात आपण वेळ, पैसा, पाठीचा मणका सगळं ओतलंय. पण ज्या विषयाचे फोटो आपल्याशिवाय जगात दुसरं कोणीही काढू शकत नाही, नेमका तोच विषय आपण सोडून दिलाय. आणि वर त्याला 'सीरियस फोटोग्राफी' असं नाव दिलंय. माझं भांडण त्याच्याशी आहे.

पुण्यातल्या हौशी फोटोग्राफरचं पंचांग आता ठरलेलं आहे. जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे. मग वारी, म्हणजे दिवे घाट. मग ताम्हिणी आणि माळशेजचे धबधबे, शटर स्पीड कमी करून पाण्याचा कापूस केलेले. सप्टेंबरात कास. गणपतीत ढोलपथक, उडणारा गुलाल, दात ओठ खाऊन टोल मारणारी मुलगी. थंडीत भिगवण, उजनीच्या पाण्यावर पहाटे होडीतून फ्लेमिंगो. मधेच एका अमावास्येला हरिश्चंद्रगडावर ताऱ्यांच्या रेघा. मे महिन्यात रजा आणि बोनस दोन्ही शिल्लक असेल तर ताडोबा. एका माणसाचं वर्षभराचं काम दुसऱ्याच्या नावावर टाकलं तर त्या दोघांनाही कळणार नाही. फ्लेमिंगोला तर नाहीच नाही.

यात वाईट काय? काहीच नाही. पहाटे चारला उठून भिगवणला जाणं हे रविवारी दुपारपर्यंत लोळण्यापेक्षा केव्हाही चांगलं. प्रश्न फ्लेमिंगोचा नाहीये. त्याला फोटोग्राफरांची कमतरता नाही, एवढंच. तुम्ही नाही गेलात तरी त्याचा फोटो निघणार, बहुधा तुमच्यापेक्षा मोठी लेन्स असलेल्या माणसाकडून. आणि सकाळी साडेसहाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिरपा उजेड येत असताना पोळ्या लाटणाऱ्या तुमच्या आईचा फोटो काढायला नॅशनल जिओग्राफिकचा माणूस येणार नाहीये. तिथे यायचा पास फक्त तुमच्याकडे आहे.

मग तो निघत का नाही? मी लोकांना विचारलं. पहिलं उत्तर येतं ते नेहमी गिअरचं. "अरे घरात उजेड नसतो. क्रॉप सेन्सर आहे ना माझा. फुल फ्रेम घेतला की बघू."

डोंबल! आपण इंजिनियर आहोत ना? मग गणित तरी करू.

संध्याकाळी एका ट्यूबलाइटच्या खोलीत, साधा १८-५५चा किट लेन्स पूर्ण झूम करून एफ ५.६ वर, आयएसओ १६०० ठेवलात तर शटर स्पीड साधारण १/१५ सेकंद येतो. बोलणारा, हलणारा माणूस त्यात हमखास हलतो. आता तुम्ही दोन लाखांच्या वर मोजून फुल फ्रेम बॉडी घेतलीत आणि तिच्याबरोबर आलेला किट झूमच लावलात. सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण सव्वादोन पट झालं, म्हणजे एका स्टॉपपेक्षा थोडा जास्त फायदा. तेवढाच नॉइज चालवून घेतला तर १/१५ चा १/३५ होईल. अजूनही हलणारच. याउलट आहे त्याच जुन्या बॉडीवर एफ १.८ चा लेन्स लावलात, तर ५.६ च्या तुलनेत जवळपास दहापट उजेड आत येतो. त्याच खोलीत, त्याच आयएसओला, १/१५० सेकंद. असा लेन्स नवा घेतला तरी पंधरा-वीस हजारात येतो, जुन्या बाजारात त्याहून स्वस्त. म्हणजे दोन लाखांत सव्वादोन पट की वीस हजारांत दहा पट? हा प्रश्न ऑफिसमधे सर्व्हर घेताना कोणी विचारला असता तर आपण पाच सेकंदांत उत्तर दिलं असतं. कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो की मात्र आपला मेंदू काउंटरवरच राहतो.

आता थोडं बारकाव्यात. क्रॉप सेन्सरवर ५० मिमी घरात अडचणीचा होतो. तो तिथे ७५-८० सारखा वागतो, आणि आपल्या स्वयंपाकघरांची लांबी बघता तुम्ही मागे सरकत सरकत फ्रीजला टेकता. ३५ मिमी एफ १.८ बरा. निकॉनचा डीएक्सवाला २००९ पासून आहे, जुना सहज मिळतो. कॅननवाल्यांना २४ मिमी एफ २.८ चा तो बिस्किटाएवढा लेन्स आहे, २०१४ चा. तो एफ २.८ असला तरी किट लेन्सच्या लांब टोकापेक्षा चौपट उजेड देतो आणि खिशात मावतो. आणि ट्यूबच्या खाली १/१०० पेक्षा फार वेगाने जाऊ नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते आणि एका फोटोत आई पिवळी, दुसऱ्यात हिरवी दिसते. त्याहून सोपं म्हणजे दिवसा काढा. खिडकीजवळ. खिडकी फुकट आहे.

मेगापिक्सेलबद्दल तर काय बोलावं! ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीने फोटो काढायचा आणि इन्स्टाग्रामवर टाकायचा, जिथे रुंदी १०८० पिक्सेल. मोठ्यात मोठा उभा फोटो धरला तरी सोळा लाख पिक्सेलच्या आत. म्हणजे शंभरातले शहाण्णव पिक्सेल आपण स्वतःच्या हाताने फेकून देतो, त्यासाठी कर्ज काढून! २००४ चा निकॉन डी७० सहा मेगापिक्सेलचा होता. त्याच्या फाइलमधून ८ बाय १२ इंचाची प्रिंट आजही उत्तम निघते. भिंतीवर टांगलेली प्रिंट सेन्सरचा साइज सांगत नाही.

तर गिअर हे कारण नाहीये. आणि वेळ नाही हेही नाही, कारण भिगवणला जायला यायला पाच तास लागतात आणि स्वयंपाकघर बारा पावलांवर आहे.

खरं कारण मला असं दिसतं. घरातली माणसं उलट बोलतात.

दिवे घाटात चालणाऱ्या म्हाताऱ्या आजीसमोर तुम्ही ७०-२०० रोखता तेव्हा ती काही बोलत नाही. तिला पुढे चालायचं असतं. बहुतेक वेळा तिला कळतही नाही. रात्री तुम्ही तिच्या सुरकुत्यांवर 'क्लॅरिटी' वाढवता, काँट्रास्ट चढवता, ऊन लागलेला चेहरा काळाठिक्कर करता आणि खाली लिहिता 'श्रद्धा'. चारशे लाइक्स. आजीचं गाव विचारलंत? नाव? तिला फोटो कधी दिसणार आहे? आता हाच प्रयोग घरी करा. कॅमेरा काढल्याबरोबर आई म्हणते, "थांब, साडी बदलते." मग म्हणते, "हा कुठे टाकणारेस?" मग बघून म्हणते, "किती म्हातारी दिसतेय मी यात, काढून टाक." बाबा म्हणतात, "तुझं झालं असेल तर जरा तो पंखा बघ, आवाज करतोय." सुरकुत्यांवर क्लॅरिटी वाढवून दाखवा बरं त्या माउलीला!

म्हणजे ज्या माणसाला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे आपण लेन्स वळवतो, आणि ज्याला नाही म्हणायचा हक्क आहे, जो तो बजावतो, त्याला टाळतो. आणि यालाच आपण 'पीपल फोटोग्राफी' म्हणतो. 'थांब, साडी बदलते' ला तोंड देऊन, पंधरा मिनिटं गप्पा मारून, ती विसरून परत कणीक मळायला लागेपर्यंत वाट बघणं, हे कौशल्य आहे. पक्ष्यासाठी तीन तास लपून बसणाऱ्यांना ते जमायला हरकत नाही.

(वारीचे फोटो काढूच नयेत असं मी म्हणत नाहीये. एकाच दिंडीबरोबर वर्षानुवर्षं चालणारे, पुढच्या वर्षी प्रिंट नेऊन हातात देणारे फोटोग्राफर आहेत. त्यांना दंडवत. माझा रोख एका रविवारी ओला करून हडपसरला उतरणाऱ्यांवर आहे.)

आता तुम्ही म्हणाल, घरचे फोटो काढायला फोन आहे की. फोन चांगलाच आहे. फोटोचा दर्जा हा माझा मुद्दा नाहीच. मुद्दा असा की तुम्ही उजेड बघायला शिकलात, थांबायला शिकलात, कडेला काय कापायचं आणि काय ठेवायचं ते शिकलात, आणि हे सगळं शिकलेला माणूस घरी आल्यावर फोन वर धरून "हां, इकडे बघा, स्माइल" म्हणतो. शिवाय त्या फोटोंचं पुढे काय होतं? ते व्हॉट्सॅपवर जातात. तिथे साधारण १६०० पिक्सेलला दाबले जातात. (२०२३ मधे एचडीची सोय आली, पण ते बटण दाबणारा नातेवाईक मी अजून पाहिलेला नाही.) मग ते 'शुभ सकाळ'च्या गुलाबांमधे मिसळतात, आणि मेमरी भरली की काका सिलेक्ट ऑल करतात. फ्लेमिंगो मात्र रॉ फॉरमॅटमधे, दोन हार्ड डिस्कवर आणि क्लाउडवर सुखरूप असतात.

आपल्या आईवडलांच्या पिढीकडे काय होतं? कोणाकडे कोडॅकचा केबी १०, कोणाकडे याशिका, कोणाकडे हॉट शॉट. रोलमधे ३६ फोटो. धुवायचा खर्च वेगळा. त्या काटकसरीत त्यांनी ते ३६ कोणावर खर्च केले? आपल्यावर. आपलं बारसं, आजोळचं अंगण, नवीन स्कूटर, शेजारच्या काकू. फोकस गेलेला, एका कोपऱ्यात बोट आलेलं, फ्लॅशने डोळे लाल. तरीही तो अल्बम काढला की घरातले सगळे गोळा होतात. आणि नीट लक्ष द्या, लोक त्यात काय बघतात. चेहरे दोन मिनिटं बघून होतात. मग सुरू होतं, "अरे तो बघ आपला शटरवाला टीव्ही!" "ते गोदरेजचं कपाट तेव्हा इथे होतं?" "कालनिर्णयवर महिना कुठला दिसतोय बघ जरा." "हा स्टोव्ह! याची पिन मीच हरवली होती." म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसलेली मागची भिंत तीस वर्षांनी सगळ्यात मौल्यवान ठरली.

आणि आपण काय करतो? एफ १.४ चा लेन्स घेतो आणि नेमकी तीच मागची भिंत लोण्यासारखी वितळवून टाकतो! बोके म्हणे. दीड मीटरवरून क्रॉप कॅमेऱ्यावर ५० मिमी एफ १.८ लावलात तर जेमतेम सहा-सात सेंटीमीटर खोलीचा भाग फोकसमधे राहतो. म्हणजे नाक आहे, कान नाही. देवघर, मिक्सर, फ्रीजवरचे मॅग्नेट, सगळं धुकं. मी वरती एफ १.८ घ्या म्हणालो ते अंधारासाठी. तो काही धर्म नाही. दिवसा खिडकीजवळ एफ ५.६, एफ ८ लावा आणि मागचा पसारा दिसू द्या. पसारा आवरू नका, आवरू देऊ नका.

"पण घरच्या फोटोंना आर्ट कोण म्हणणार?" हा एक ठेवणीतला प्रश्न. ज्यांना आर्टची काळजी आहे त्यांच्यासाठी दोन हौशी माणसं सांगतो. एक, उमराव सिंग शेरगिल, १८७० चा जन्म. धंदेवाईक फोटोग्राफर नव्हते. संस्कृतचे अभ्यासक. कित्येक दशकं त्यांनी स्वतःचे, हंगेरियन बायकोचे आणि अमृता, इंदिरा या दोन मुलींचे फोटो काढले, बुडापेस्टला, पॅरिसला, सिमल्याला. त्यातली अमृता पुढे कोण झाली ते तुम्हाला माहीत आहे. ती १९४१ मधे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. तिची चित्रं संग्रहालयात आहेत, पण चित्र काढायच्या आधीची, घरात पलंगावर बसलेली ती आपल्याला दिसते ती बापाच्या कॅमेऱ्यामुळे. तिच्या भाच्याने, विवान सुंदरम यांनी, पुढे याच फोटोंमधून स्वतःचं अख्खं काम उभं केलं. दुसरा, फ्रान्सचा झाक-आंरी लार्तिग. लहानपणी बापाने कॅमेरा हातात दिला आणि पोराने भाऊ, चुलत भावंडं, आया, कुत्री, उड्या, पडापडी असं सगळं टिपलं. त्याच्या नात्यातल्या बहिणीचा (सख्ख्या नव्हे), बिशोनादचा, जिन्यावरून उडी मारतानाचा फोटो १९०५ चा आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचं प्रदर्शन भरवलं १९६३ साली, तेव्हा स्वारी एकोणसत्तर वर्षांची होती. त्याआधी अर्धशतकाहून जास्त काळ ते नुसते घरचे अल्बम होते. लाइक्स शून्य.

मला या विषयाचा एवढा त्रास का होतो ते सांगतो. आपल्या आजूबाजूची घरं पडतायत. हे रूपक नाही, खरोखर पडतायत. पुण्यातल्या पेठांमधले वाडे गेले, आता सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटला निघाल्यात. मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळी बघा. १९२० च्या दशकातल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या, एका मजल्यावर सगळ्यांची मिळून मोरी-संडास. २०२५ च्या ऑगस्टमधे तिथल्या पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या नव्या फ्लॅटच्या चाव्या मिळाल्या. चांगलं झालं. त्यांच्या सोयीवर कोणी हळवेपणाने अश्रू ढाळू नयेत, शंभर वर्षं सामाईक संडासाला रांग लावून बघावी आधी. पण १६० फुटांत सात माणसं कशी झोपायची, पोटमाळ्यावर काय असायचं, गादी दिवसा कुठे जायची, हे त्या घरातल्याच माणसाने काढलेल्या फोटोत जितकं दिसेल तितकं बाहेरून आलेल्या कुणाच्याही 'हेरिटेज वॉक'मधल्या फोटोत दिसणार नाही. बाहेरचा माणूस जिन्याचा फोटो काढतो. कमानीचा काढतो. कोणाच्या मोरीत तो शिरू शकत नाही.

तुमच्या आईवडलांची सोसायटी बिल्डरकडे जायला अजून किती वेळ आहे? करार झालाय का? झाला असेल तर घर रिकामं करायची तारीख तुम्हाला माहीत असेल. त्या तारखेच्या आधी किती विकान्त उरतात ते मोजा. आणि माणसांची तारीख तर कोणी सांगतच नाही. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

कोणी म्हणेल छंद आमचा, पैसे आमचे, तू कोण सांगणारा? बरोबर आहे. काढा ना फ्लेमिंगो, मी होडीला आडवा येत नाही. पण मग 'मी क्षण जपतो', 'आठवणी कैद करतो' असलं काही प्रोफाइलवर लिहू नका. तुम्ही पक्षी गोळा करताय, ट्रॉफी गोळा करताय. त्यात गंमत आहे, कबूल. आठवणी मात्र तो तुमचा शेजारी जपतोय, जो दर दिवाळीत जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याने सगळ्या मजल्यावरच्या लोकांना जिन्यात उभं करून फोटो काढतो आणि ज्याला आपण हसतो. २०१० मधे जगात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे विकायला बाहेर पडले होते, २०२३ मधे ऐंशी लाखांच्याही आत. बाकीच्यांच्या हातात फोन आला. म्हणजे आता ज्यांच्याकडे खरा कॅमेरा आहे ते घरटी, नव्हे इमारतीगणिक, एखाद-दोन उरलेत. अख्ख्या खानदानात तो एक माणूस तुम्ही आहात, आणि तुम्ही रविवारी घरी नसता.

असो. ज्यांना पटलंय त्यांच्यासाठी कामाच्या दोन गोष्टी. पहिली, प्रिंट काढा. चार बाय सहाची, कोपऱ्यावरच्या लॅबमधे, चहा-वड्याच्या पैशात होते. गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ ला बंद झाली तेव्हा किती जणांची धावपळ झाली आठवतंय ना? दुसऱ्याच्या सर्व्हरवरचं फुकट कधीतरी संपतंच. दुसरी गोष्ट, नावं लिहा. तारीख, वेळ, शटर स्पीड, सगळं कॅमेरा फाइलमधे आपोआप लिहून ठेवतो. डावीकडून तिसरी बाई कोण, हे कॅमेऱ्याला कळत नाही. ते आज आईला विचारा, प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहा. बॉलपेनने नको, दुसऱ्या बाजूला उमटतं.